बोंड फोडून बघता, मग गाडीचं दार खोलायला का भिता?



आज पिकाची नोंद नाही, गाडीच्या दाराची आहे. पण सुरुवात कपाशीपासूनच करतो.

गुलाबी बोंडअळी आली की नाही, हे आपण कसं ठरवतो? झाडाकडे लांबून बघून नाही. एकरातून 20 हिरवी बोंडं तोडतो आणि बांधावर बसून एकेक फोडतो. दोन किडकी निघाली की नुकसान 10 टक्क्यांवर गेलं, मग फवारणीचा निर्णय. बाहेरून बोंड हिरवंगार दिसतं, फोडल्याशिवाय आतलं कळत नाही. हे आपल्याला कृषी सहाय्यकांनी आणि विद्यापीठाच्या लोकांनी शिकवलं, आणि आपण शिकलो.

मग हाच शेतकरी स्वतःच्या गाडीच्या दाराचं पॅड खोलायची वेळ आली की मागे का सरकतो? "आपलं काम नाही ते" असं का म्हणतो?

माझंच सांगतो. आमच्या जुन्या गाडीच्या मागच्या दाराची लॉकची खुंटी, म्हणजे काचेच्या कडेला वर-खाली होणारं ते प्लास्टिकचं बटण, मधूनच तुटली. वरचा तुकडा हातात आला, खालचा आत सळीवर राहिला. त्याच दाराच्या काचेचं हँडल आधीपासून झिजलेलं, नुसतं गरगर फिरायचं. एका गॅरेजात दाखवलं. "पूर्ण लॉक बदलावं लागेल, भाग मागवतो, आठ दिवसांनी या." आठाचे पंधरा झाले, पंधराचा महिना. घरी पेचकस घेऊन बसलो तर शेजारचे आप्पा म्हणाले, "काय करी राहिना रे भाऊ? तुले काय समजस त्यामा? ठेव ते तसंच." मी ठेवलं.

मे महिना होता. खान्देशातला मे, पारा 45 च्या पुढे. माय मागच्या सीटवर बसलेली. मी मोटारीचा एक सील घ्यायला दुकानात गेलो, आणि सवयीने जाताना चावीने सगळी दारं लॉक केली. दुकानात गर्दी. इकडे मायच्या दाराला खुंटी नाही, काच उतरत नाही. पुढच्या दारापर्यंत हात पोचेना, कारण मध्ये खताच्या गोण्या. परत आलो तर ती काचेवर हात आपटत होती, लुगडं घामाने भिजलेलं. पाणी पाजलं, सावलीत बसवलं, ती सावरली. मला एवढंच म्हणाली, "अरे, एवढी खुंटी बसवता येत नव्हती का तुला?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मायला गाडीत बंद करून गेलो ती चूक माझीच. महिनाभर खुंटी बसवली नाही तीही माझीच. गॅरेजवाल्यावर ढकलून मोकळं होता येत नाही.

त्याच संध्याकाळी पॅड खोललं. दीड तास लागला. खुंटी 60 रुपयांची, तुटलेल्या दोन क्लिपा 20 रुपयांच्या. लॉक शाबूत होतं, बदलायची गरजच नव्हती. आत बघितल्याशिवाय केलेलं निदान होतं ते. बोंड न फोडता फवारणी सांगणारे असतात ना, तसंच.

आता काम कसं करायचं ते सांगतो, म्हणजे नुसता राग काढला असं व्हायला नको.

पहिलं, मागचं दार आतून उघडत नसेल तर आधी चाइल्ड लॉक बघा. दार उघडल्यावर त्याच्या कडेला, लॉकच्या जवळ, एक छोटा खटका असतो. तो पडलेला असेल तर काही तुटलेलं नाही, खटका फिरवा, काम संपलं. काही गाड्यांत खुंटी नुसती आट्यांवर बसते, हाताने फिरवली की निघते. तसं असेल तर पॅड काढायचं कामच नाही.

पॅड काढायचंच असेल तर काच पूर्ण वर करा आणि बॅटरीचं मायनस काढून ठेवा. काचेचं हँडल हाताने फिरवायचं असेल तर त्याच्या मागे घोड्याच्या नालासारखी तारेची क्लिप असते. हँडल आणि पॅड यांच्या मध्ये जुनं फडकं घालून करवतीसारखं मागे-पुढे ओढा, क्लिप उडून बाहेर येते. ती कुठे पडते तिकडे लक्ष ठेवा.

मग स्क्रू. दिसतात ते काढा, पण लपलेले शोधा. दार ओढायच्या मुठीच्या खाचेत आणि आतल्या हँडलच्या मागे, छोट्या झाकणाखाली, हमखास असतात. सगळे स्क्रू निघाल्याशिवाय ओढाओढ केली की पॅड फाटतं, आणि मग "बघ, सांगितलं होतं" म्हणणारे तयारच असतात.

कडेच्या क्लिपा खालून सुटायला सुरुवात करा. लोखंडी पेचकस नका घालू, बांबूची चपटी कामटी चांगली, रंग खरवडत नाही. उन्हाने प्लास्टिक कडक झालेलं असतं. भर दुपारी किंवा थंडीच्या पहाटे नको, संध्याकाळी करा. क्लिपा सुटल्या की पॅड सरळ वर उचलायचं, कारण ते काचेच्या कडेवर अडकवलेलं असतं. मागे स्पीकरची किंवा बटणाची वायर असेल तर आधी तिचा सॉकेट काढा, झटका देऊ नका.

आत प्लास्टिकचा कागद चिकटवलेला दिसेल. तो कचरा समजून फेकू नका. काचेवरून आत उतरणारं पावसाचं पाणी तो पॅडकडे येऊ देत नाही. फाडला तर पावसाळ्यात पाणी सीटखाली येतं. हळूच अर्धा सोडवा, परत चिकटवा.

मग सळी दिसेल. तुटलेला तुकडा काढा, सळी वाकली असेल तर पकडीने सरळ करा, लहान प्लास्टिकची क्लिप फिरवून सोडवा, नवी खुंटी बसवा. आतली धूळ पुसा, ग्रीसचं बोट लावा. दाराच्या तळाशी पाणी निघायची भोकं असतात, ती आपल्याकडे काळ्या मातीने बुजलेली असतात. तार घालून मोकळी करा. दार गंजतं ते तिथूनच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, दार उघडं ठेवूनच लॉक तपासा. पेचकसाने लॉकची जीभ बंद करा, खुंटी वर-खाली करा, आतून आणि बाहेरून हँडल ओढून जीभ सुटते का बघा. पाच वेळा बघा. मगच दार लावा. आधीच लावलं आणि सळी सुटलेली असली तर दार बंदच राहील, आणि मग खरंच गॅरेज गाठावं लागेल.

कुठे हात घालायचा नाही तेही सांगतो. दारात एअरबॅग किंवा तिचा सेन्सर असलेली नवी गाडी असेल तर जाणकाराकडेच न्या. ब्रेक आणि स्टेअरिंग अंदाजाने खोलू नका. धाडस आणि आगाऊपणा यात फरक आहे.

आता "नको खोलू" म्हणणाऱ्यांचं बघू.

एक म्हणतो, वॉरंटी जाईल. अरे भाऊ, बारा वर्षांच्या गाडीला कसली वॉरंटी? आणि नवी असली तरी ऐका. 25 ऑगस्ट 2014 रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने 14 कार कंपन्यांना मिळून सुमारे 2,544 कोटींचा दंड ठोकला होता. कारण, सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजवाल्यांना खुल्या बाजारात मिळू दिली नाहीत. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करायची अट लावू नका, असंही त्या आदेशात होतं. कंपन्या पुढे अपिलात गेल्या, ती लढाई वेगळी. पण आपली भीती कुठून येते ते यावरून कळतं.

दुसरा म्हणतो, गावातल्या मेकॅनिकच्या पोटावर पाय देतो का? हा मुद्दा मी हलका मानत नाही. पण क्लच, इंजिन, ब्रेक ही त्याची खरी कामं आहेत, ती त्यालाच द्या आणि मजुरीत घासाघीस करू नका. भाग खुल्या बाजारात मिळाले तर त्याचंही पोट भरतं. माझी 60 रुपयांची खुंटी आणि त्याचं गॅरेज एकाच बाजूला आहेत.

तिसरा म्हणतो, शेतकऱ्याला यातलं काय कळतं? यावरच माझा खरा राग आहे. रावेर-यावलच्या केळीवाल्याला विचारा. ठिबकच्या नळ्यांत क्षार बसले की तो स्वतः ॲसिड सोडतो. पाण्यात ॲसिड घालायचं, ॲसिडमध्ये पाणी नाही, हे त्याला पाठ आहे. फिल्टर खोलतो, जाळी धुतो, सबमेन फ्लश करतो. ठिबक नवीन होतं तेव्हा हे कोणाला येत होतं? शिकवलं, शिकलो. ॲसिड हाताळणाऱ्या माणसाला चार स्क्रू जड जातात, हे मला पटत नाही.

कृषी क्षेत्रातल्या मित्रांनो, हे तुमच्यासाठीही आहे. आज दाराची खुंटी आहे, उद्या ट्रॅक्टर आहे. नव्या ट्रॅक्टरांत सेन्सर आणि कंट्रोल बॉक्स आले. ऐन पेरणीत दिवा लागला आणि तो वाचायचं यंत्र फक्त कंपनीच्या माणसाकडे असलं, तर वाफसा निघून जाईपर्यंत आपण बांधावर बसायचं. अमेरिकेत शेतकरी यावरच भांडले. कोलोरॅडो राज्यात शेती यंत्रं दुरुस्त करण्याच्या हक्काचा कायदा 1 जानेवारी 2024 पासून लागू झाला. आपल्याकडे केंद्राने जुलै 2022 मध्ये समिती नेमली, त्यात शेती अवजारं आणि गाड्या दोन्ही धरल्या, आणि 24 डिसेंबर 2022 ला दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. चांगलं झालं. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे, आणि ज्याचा हातच विसरला त्याला कायदाही काय कामाचा?

म्हणून शेतीशाळेत बोंड फोडायला शिकवता तसा एक तास यंत्र खोलायलाही ठेवा. पंपाचा नोझल, स्टार्टर, गाडीचं दार. पोरांना शेजारी बसवा, निघालेले स्क्रू ताटलीत क्रमाने ठेवायला लावा.

आणि आपण शेतकऱ्यांनी आज एवढंच करायचं. गाडीत बसा, चारही दारं आतून उघडून बघा, चारही काचा उतरवून बघा. मागे म्हातारं माणूस किंवा लेकरू बसतं, त्या दारापासून सुरुवात करा. अडकलं तर महिना वाट बघू नका. मी बघितली होती.