आधी माती चाचपा
सारोळ्यासारख्या गावात पावसाळ्यात अंगणातली तुळस पिवळी पडली की हात आधी औषधाच्या बाटलीकडे जातो. माझ्या मते तो आधी मातीत जावा. बोटभर खोलीवर माती ओली असूनही पानं मलूल असतील, तर मुळांना हवा मिळत नाही. तिथे खत घालणं म्हणजे बुडत्याला जेवण वाढणं. खालची जुनी पानं आधी पिवळी पडली तर बहुधा नत्र कमी. कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा झाला तर लोह. ‘निंबोळी तेल निरुपद्रवी, मारलं तर बिघडलं काय?’ असं विचारतात. पण ते मावा, पिठ्या ढेकूण यांच्यावर चालतं, कुजलेल्या मुळांवर नाही. शिवाय भर उन्हात मारलं तर पान करपतं. पानाखाली कीड दिसली तरच फवारा. माती ओली असेल तर ती सुकेपर्यंत पाणी थांबवा, कुंडीचं भोक मोकळं करा.