उसने उत्तर

गृहपाठाचे उत्तर परक्या माणसाकडून मिळवणे ही मदत की फसवणूक? न्यूझीलंडने याचे उत्तर कायद्यातच लिहून ठेवले आहे. 2011 साली तेथील शिक्षण कायद्यात दुरुस्ती झाली. विद्यार्थ्याला गैर लाभ व्हावा या हेतूने त्याचे लेखन करून देणे, परीक्षेची उत्तरे पुरवणे किंवा अशा सेवेची जाहिरात करणे हा गुन्हा ठरला. दंड 10,000 डॉलरपर्यंत. 2020 च्या नव्या कायद्यानेही हा गुन्हा कायम ठेवला.

2013 मध्ये ‘संडे स्टार-टाइम्स’ या पत्राने निबंध विकण्याचा एक धंदा उजेडात आणला. गिऱ्हाइके मुख्यतः चिनी विद्यार्थी होती. पोलिसांनी न्यायालयामार्फत चालकांची मालमत्ता गोठवली.

पण हे कलम देणाऱ्याला पकडते, घेणाऱ्याला नाही. घेणाऱ्याचा न्याय त्याच्या विद्यापीठाकडे राहतो, आणि त्याआधी घराकडे. कर्ज काढून मुलांना परदेशी धाडणाऱ्या आपल्या बेटावरच्या आईबापांनी हे ध्यानी घ्यावे. परका मनुष्य पैसे घेवो वा न घेवो, रीत समजावून देईल तर तो गुरू. तयार उत्तर हाती ठेवील तर मुलाची शिकण्याची संधीच नेईल. गुण मिळतील, विद्या मिळणार नाही.

कसोटी सोपी आहे. वही मिटून मुलाला विचारा, “हे उत्तर कसे आले, सांग बघू?” सांगता आले, तर ते त्याचे. नाही आले, तर ते उसने.