कमरेची बत्तीस
रोज जवळ बाळगायला रिव्हॉल्व्हर कुठलं घ्यावं, यावर नगरात हौशी मंडळी तासन् तास बोलतात. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं २०१४ सालचं 'निर्भीक' बत्तीस बोअरचं, सहा गोळ्यांचं, जेमतेम अर्धा किलोचं. कमरेला जाचत नाही. नाइन एमएमचा हट्ट सोडा, ते साध्या परवान्यात बसत नाही. परवाना देणार जिल्हाधिकारी, तोही पोलिसांचा अहवाल बघून. आणि २०१६ चे नियम सांगतात, चारचौघांत हत्यार झाकूनच न्यायचं. घोडं अडतं ते इथंच. वरातीत शर्ट जरा वर सरकला नाही, तर लाखभर घालवले कशाला! आचारसंहिता लागली, की बहुतेकांचं हत्यार पोलीस ठाण्यात जमा. मग मिरवायला नुसती पावती.