हँडल जरा वर घ्या!

फराळाचे ताट पुढ्यात असताना बर्फाच्या गोष्टी कुणी ऐकायच्या, असे तुम्ही म्हणाल. पण वाचकहो, दिवाळी अंकासाठी विषय शोधायला बसलो आणि डोळ्यांपुढे सारखे एक हँडल येऊ लागले. तेही सायकलचे नव्हे, बर्फावर पळणाऱ्या गाडीचे. तेव्हा नाइलाज आहे. चकलीबरोबर तेवढे चावून घ्या.

गेल्या हिवाळ्यात आम्ही उभयता कॅनडात लेकीकडे गेलो होतो. क्वेबेक प्रांतातले, शेरब्रुक शहराच्या बाजूचे एक लहानसे गाव. महिना जानेवारीचा, बाहेर उणे वीस अंश, आणि खिडकीतून पाहावे तिकडे बर्फ. आमचे जावई सहा फूट दोन इंच उंच. लग्नात अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले होते, एवढीच त्या उंचीबद्दल आमची आजवरची तक्रार. तर या जावईबापूंनी शेजारच्या एका आजोबांकडून त्यांची जुनी स्नोमोबाइल विकत घेतली होती. आजोबा सत्तरीचे, अंगाने घट्टमुट्ट आणि उंचीने जेमतेम सव्वापाच फूट. या दोन उंचींमधल्या अकरा इंचांतच आजची सारी कथा आहे.

स्नोमोबाइल म्हणजे काय, हे मलाही तिथे जाईपर्यंत नीट ठाऊक नव्हते. पुढे चाकांच्या जागी दोन घसरपट्ट्या, मागे रणगाड्याला असतो तसा, पण रबरी, फिरता पट्टा, वर लांब बैठक आणि हातात हँडल. उजव्या अंगठ्याने एक पट्टी दाबली की वेग वाढतो, सोडली की कमी होतो. डाव्या हाताला ब्रेक. गियर टाकण्याची भानगड नाही. मुठी विजेवर गरम होतात. हे पाहून आमच्या सौभाग्यवतींना ते यंत्र एकदम आवडले. भल्या पहाटे दूध आणायला जाताना अशा मुठी मिळाल्या असत्या तर, असे त्यांना वाटून गेले.

आपल्याला हा श्रीमंतांचा खेळ वाटतो. पण त्याचा उगम मोठा दुःखाचा आहे. लेकीच्या गावापासून फार लांब नसलेल्या व्हाल्कूर गावी जोसेफ-आर्मां बोंबार्दिये नावाचा एक मेकॅनिक होता. 1907 चा जन्म. पंधराव्या वर्षीच त्याने मोटारीचे जुने इंजिन आणि पंखा लावून बर्फावरची घसरगाडी पळवली होती. 1934 च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या दुखण्याने आजारी पडला. रस्ते बर्फाखाली गेलेले, इस्पितळ दूर, आणि वाहन नाही. मूल गेले. त्यानंतर तीनच वर्षांत, 1937 मध्ये, त्याने आपल्या दातेरी चाकाच्या आणि पट्ट्याच्या रचनेचे पेटंट मिळवले. सात माणसे बसतील अशा त्याच्या बर्फगाड्यांतून पुढे डॉक्टर, पत्रे आणि शाळेची मुले जाऊ लागली. एक-दोघांना बसता येईल अशी छोटी स्की-डू बाजारात आली ती 1959 मध्ये, आणि 1964 मध्ये तो वारला. हे सारे ऐकल्यापासून त्या यंत्राकडे मी जरा वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

असो. सांगत होतो जावईबापूंचे. शनिवारी सकाळी ते झोकात गाडी घेऊन निघत आणि दुपारी परतत ते कमरेत वाकलेले. हातमोजे काढले की बोटे झटकत बसत. “मुंग्या येतात हो, बाबा,” म्हणत. रात्री मुलगी पाठीला मलम चोळी. मी विचारले, “गाडी एवढी त्रास देते, तर काही करत का नाही?” त्यावर आपल्या माणसाचे ठरलेले उत्तर आले, “होईल सवय!”

एके दिवशी मी अंगणात उभा राहून त्यांचे बसणे नीट पाहिले. हँडल आजोबांच्या बेताचे, खाली आणि बरेचसे मागे ओढलेले. आमचा सहा फुटी जावई त्यावर असा ओणवा झालेला, की जणू सांडलेली मोहरी वेचतो आहे. पाठीची कमान झालेली, मनगटे मुडपलेली, आणि वळताना हँडलचे टोक गुडघ्याला लागते. अंगाचा सगळा भार तळहातांवर. मग मुंग्या येतील नाही तर काय? मुडपलेल्या मनगटात शीर दाबली जाते, आणि त्यावर इंजिनाची थरथर.

मी पडलो पुण्याचा. आयुष्याची तीस वर्षे सायकलवर काढलेली. हँडल या विषयात आम्हांला कुणी शिकवू नये! वडिलांची सायकल माझ्याकडे आली तेव्हा कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने वरचा बोल्ट ढिला करून त्यावर हातोडीचा हलका टोला दिला होता, हँडल दोन बोटे वर घेतले होते, आणि त्या दिवसापासून माझी पाठ दुखायची थांबली होती. मी जावयांना म्हणालो, “हँडल जरा वर घ्या! सवय कसली करता? बोल्ट असतात ते कशाला?”

पुढच्याच रविवारी गॅरेजात आम्ही दोघे बाह्या सरसावून बसलो. हँडल आणि त्याचा दांडा यांच्या मध्ये बसवायला एक ठोकळा मिळतो, त्याला तिकडे रायझर म्हणतात. जावयांनी चांगला तीन इंची आणला. चार बोल्ट काढले, हँडल उचलले, ठोकळा बसवला, लांब बोल्ट घालून आवळले. अर्ध्या तासाचे काम. जावई बसले तो पाठ सरळ! मी विजयी मुद्रेने म्हणालो, “मारा किल्ली!” आणि तेवढ्यात दारातून कुणीतरी हात वर केला.

आजोबा आले होते. त्यांना फ्रेंच येते, मला मराठी. मधे लेक दुभाषी. ते म्हणाले, “किल्ली नंतर. आधी हँडल फिरवा. पार उजवीकडे.”

जावयांनी फिरवले. आजोबांनी मुठीपासून इंजिनाकडे जाणाऱ्या वेगाच्या तारेवर बोट ठेवले. तंबोऱ्याची तार असते तशी ताठ! हँडल सरळ असताना अंगठ्याची पट्टी आधी थोडी मोकळी हलत होती, मग तार ओढत होती. आता ती मोकळीक उरलीच नव्हती. आजोबा म्हणाले, “हँडल तीन इंच वर गेले, पण तार होती तेवढीच राहिली. आता हा झाडांमधून उजवीकडे वळेल, अंगठा काढून घेईल, आणि गाडी आपोआप वेग घेईल.”

लेकीने एवढे भाषांतर केले आणि ती गप्प झाली. मीही गप्प. दोनशे किलोंच्या वरचे धूड, पुढे मेपलचे बुंधे, वर आमचा जावई, आणि सल्ला सासऱ्याचा. त्या थंडीत मला घाम फुटला.

मग आजोबांनी सारे पुन्हा उघडायला लावले आणि एकेक गोष्ट शिकवली. ती सांगतो, कारण दुचाकीवाल्यांनाही तिचा उपयोग आहे. पहिली गोष्ट, माप घ्यायचे ते रोजच्या वेषात. जाड बूट, जाड कोट, हातमोजे, सगळे चढवून. लोकरी बनियनवर घेतलेले माप बाहेर चुकते. दुसरी, बसून पाहायचे आणि उभे राहूनही पाहायचे. बसल्यावर खांदे सैल, कोपरे किंचित वाकलेली, मनगट हाताच्या रेषेत. खाचखळग्यांवर पायांवर उभे राहावे लागते, तेव्हाही कमरेत वाकावे लागू नये. तिसरी, हावरटपणा नको. डोंगरातल्या खोल बर्फात उभ्याने चालवणाऱ्यांना उंच हँडल लागते. सपाट वाटेवर बसून जाणाऱ्याने तेवढे उंच घेतले तर पाठ सुटते आणि खांदे धरतात. चौथी, पुष्कळदा उंचीपेक्षा कोन महत्त्वाचा. पकड ढिली करून हँडल थोडे पुढे किंवा मागे फिरवले तरी निम्मे दुखणे जाते. मात्र त्याबरोबर ब्रेकचा दांडा आणि अंगठ्याची पट्टीही फिरवून मनगटाच्या रेषेत आणायची.

आणि पाचवी गोष्ट, जी मी विसरलो होतो. सगळ्या तारा आणि नळ्या पाहायच्या. वेगाची तार, ब्रेकची नळी, गरम मुठींच्या वायरी. इंजिन बंद ठेवून हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवायचे. काही ताणता कामा नये आणि काही अडकताही कामा नये. तार अपुरी पडली तर लांब तार घालायची, नाहीतर हँडल खाली घ्यायचे. मग गाडीचे तोंड मोकळ्या अंगणाकडे करून इंजिन सुरू करायचे आणि पुन्हा तसेच फिरवायचे. आवाज तिळभर चढला तरी गाडी बाहेर काढायची नाही.

शेवटी एक इंचाचा ठोकळा बसला. हँडल थोडे पुढे फिरवले. आजोबांनी तार दुसऱ्या वाटेने मोकळी नेली. चारही बोल्ट आळीपाळीने, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळले, पुस्तकात दिलेल्या आकड्यापर्यंत, जोर मोजणाऱ्या पान्याने. जावई छोटीशी फेरी मारून आले, तेव्हा बोल्ट पुन्हा तपासले. पुढच्या शनिवारी ते परतले ते ताठ, आणि बोटे न झटकता. घरात मलमाचा वास बंद झाला.

गंमत अशी, की हे कारखानदारांनाही उशिराच सुचले. पूर्वीच्या गाड्यांत माणूस पाय पुढे पसरून, मागे रेलून बसे. 2003 च्या हंगामासाठी स्की-डूने रेव्ह नावाचा नमुना काढला, त्यात चालकाला पुढे सरकवून, गुडघे दुमडून, सरळ बसवले. मग बाकीचेही त्या वाटेने गेले. तोवर वर्षानुवर्षे माणसेच यंत्राची सवय करून घेत होती!

पुण्याला परतलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाची वाट पाहत स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. आमचा ओटा माझ्या आईच्या मापाने बांधलेला. आई चार फूट दहा इंच. आमची ही माझ्यापेक्षा दोन बोटे उंच. पस्तीस वर्षे ती त्या ओट्यावर वाकून पोळ्या लाटते आहे, आणि रात्री स्वतःच कमरेला शेक घेते आहे. हे मी रोज पाहत होतो. दिसले मात्र त्या दिवशी. मी म्हणालो, “ओटा उंच करून घेऊ या.” ती म्हणाली, “राहू द्या हो. सवय झालीय आता.”

तेच शब्द! मी दुसऱ्याच दिवशी गवंड्याला बोलावले. त्याने फूटपट्टी काढली, तेव्हा मी त्याला थांबवले आणि आधी गॅसची नळी, बेसिनचा पाइप आणि नळाची जोडणी दाखवली. ओटा वर गेल्यावर यांतले काय ताणेल ते सांग, मग हातोडा उचल. तो माझ्याकडे आदराने पाहू लागला. हे ज्ञान कुठले, ते मी त्याला सांगितले नाही. हिला मात्र घरात घालायच्या चपला पायात घालून उभे केले आणि मगच माप घेतले.

यंदाच्या करंज्या त्या नव्या ओट्यावर झाल्या. कमरेचा शेक बंद आहे. “आज उंच दिसतेस,” मी म्हणालो. “होतेच,” ती म्हणाली.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत आपल्या घरातले एखादे हँडल कुणाला वाकवत तर नाही ना, तेवढे पाहा. मुलांचे अभ्यासाचे टेबल असेल, आजोबांची खुर्ची असेल, चिरंजीवांची स्कूटर असेल. ‘सवय झाली’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. आणि पाना हातात घेण्यापूर्वी तार कुठवर पोचते, ते एकदा फिरवून बघा. दिवाळी सर्वांना सुखाची जावो!