नुसती सही

यंदा राखीला माझ्या धाकट्या बहिणीने ओवाळणीत सही मागितली.

मी पाकिटात पाचशेची नोट घालून तयार होतो. गेल्या वर्षी तीनशे होते, म्हणजे महागाईचा विचार करून मी आपण होऊन वाढ दिली होती. राखी बांधून झाली, पेढा तोंडात गेला, आणि माझं तोंड भरलेलं आहे अशी खात्री करून तिने पिशवीतून बँकेचा फॉर्म काढला. "दादा, काई जास्त नाई. पोरीच्या कर्जाले जामीनदार पायजे. नुसती सही कराची आहे."

जावई शेजारीच बसले होते. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे असं काही टक लावून पाहायला सुरुवात केली, की आर्णीहून यवतमाळला ते चतुर्थी कधी आहे हे बघायलाच आले असावेत.

भाची हुशार आहे. पुण्याला इंजिनिअरिंगला नंबर लागला आहे. फी, वसतिगृह, मेस धरून चार वर्षांचे सात लाख होतात. तेव्हा हा लेख भाचीविरुद्ध नाही. बहिणीविरुद्धही नाही, तिच्या हाती पडायची शक्यता आहे. हा लेख 'नुसती' या शब्दाविरुद्ध आहे.

'नुसता' हा शब्द आपल्याकडे फार धोक्याचा. "नुसता चहा घेऊन जा" म्हणतात, मग पोहे येतात, मग "आता जेवूनच जा" होतं. नुसत्या सहीचंही असंच आहे. आधी सही, मग नोटीस, आणि मग जेवण जात नाही.

इंग्रजांनी १८७२ साली करार कायदा केला. त्याच्या १२८ व्या कलमात म्हटलं आहे की, वेगळं काही ठरलं नसेल तर हमी देणाऱ्याची जबाबदारी कर्ज घेणाऱ्याइतकीच असते. आपली समजूत अशी, की बँक आधी पोरीकडे जाईल, मग तिच्या बापाकडे, आणि सगळीकडून हात हलवत परतली तर सर्वांत शेवटी मामाचं दार ठोठावेल. बिहारमध्ये एका खालच्या कोर्टालाही असंच वाटलं होतं. १९६८ साली बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही समजूत काढून टाकली. आधी ऋणकोकडे जा, असं धनकोला सांगता येत नाही. वाट बघत बसायचं तर हमी घेतली कशाला? म्हणजे बँकेला पुण्याला भाचीला शोधत हिंडण्याची गरज नाही. मामा यवतमाळातच असतो, आणि दुपारी हमखास घरी असतो.

कायदा अगदीच निर्दय नाही. मी पैसे भरले, तर १४५ व्या कलमाप्रमाणे ते भाचीकडून वसूल करायचा हक्क मला आहे. भाऊबीजेला ओवाळून घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी बहिणीच्या लेकीवर दावा लावायचा! हा हक्क बजावलेला मामा मी अजून पाहिलेला नाही. 'मामा बनवणे' हा वाक्प्रचार मराठीत कुठून आला ते भाषापंडित सांगोत. माझा संशय बँकेवर आहे.

कोर्टातला जामीन याहून बरा. चोराला जामीन राहिलेला माणूस खटला संपला की सुटतो. इथे माझं वय सहासष्ट. चार वर्षं शिक्षण, वर्षभर नोकरी शोधायला, पुढे पंधरा वर्षं हप्ते. मी शहाऐंशीचा होईपर्यंत जामीन आहे. बँकेचा माझ्या आयुष्यावर जेवढा विश्वास आहे, तेवढा माझ्या डॉक्टरचा नाही. बरं, मधेच वर गेलो तर सुटलो म्हणावं, तर मागे राहिलेल्या घरादारातून वसुली होऊ शकते.

तुम्ही म्हणाल, मास्तर, नात्यात इतका हिशेब? नात्यात हिशेब नको म्हणणारे बहुतेक घेणेकरी असतात, असा माझा अनुभव आहे. १९९१ साली मी पतसंस्थेत एका सहकाऱ्याला जामीन राहिलो. शिक्षकांच्या पतसंस्थेत सगळेच एकमेकांचे जामीनदार. त्याचा मी, माझा तो, दोघांचा तिसरा. तो नोकरी सोडून राजकारणात गेला. सहकारी कायद्याच्या ४९ व्या कलमाची सोय अशी, की आपण लिहून दिलेलं असलं की पगार हातात यायच्या आधीच कपात होते. सव्वीस महिने माझा पगार कापून आला. तो गृहस्थ आजही भेटतो, कडकडून मिठी मारतो, बसस्टँडसमोर चहा पाजतो. पैसे मी देतो. सवय झाली आहे.

हे हसत लिहितो आहे खरा, पण आमच्या जिल्ह्यात कर्ज हा शब्द हसून उच्चारायची रीत नाही. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे १९ मार्च १९८६ ला बायको आणि चार लेकरांना घेऊन गेले, तेव्हापासून तर नाहीच. आमच्या जावयांचा पाच एकर कापूस आहे आणि पीककर्ज उभं आहे. २००८, २०१७, २०१९ अशा कर्जमाफ्या झाल्या. पोरीच्या शिक्षणासाठी मामाने केलेली सही कोणत्याच यादीत नव्हती. जावई कॅलेंडरकडे का बघत होते ते मला कळत होतं. बापाची सही बँकेला चालते, पण पुरत नाही, हे त्या माणसाला साळ्याच्या घरी बसून ऐकायचं होतं.

म्हणून मी बहिणीला म्हटलं, "तू सही मागत नाहीस, सात लाख मागते आहेस. तसं माग, म्हणजे मलाही सरळ उत्तर देता येईल. सात लाख माझ्याजवळ नाहीत. आहे ते सांगतो. पोरगी शिकते आहे तोवर व्याज मी भरतो. पहिल्या वर्षी पावणेदोन लाख उचलले आणि दर दहा टक्के धरला तर महिन्याचे साधारण १,४६० रुपये. चौथ्या वर्षी सगळे सात लाख अंगावर आले की ५,८३० च्या आसपास. शिकत असताना व्याज भरत गेलं की बऱ्याच बँका दरात एक टक्का सूटही देतात. हे उसने नाहीत, दिले."

"म्हणजे सही नाई करत," बहीण म्हणाली. बायकांना गोषवारा फार चांगला काढता येतो. चिवड्याची बशी तशीच ठेवून ती उठली. माझ्या बायकोने इतका वेळ एक शब्दही काढला नव्हता, आणि चाळीस वर्षांच्या संसारात मला हे सर्वांत महागात पडणारं मौन वाटतं.

सोमवारी भाची एकटीच आली. मला म्हणाली, "मामा, जामीनदार लागतच नाही. मी वाचलं." पोट्टी खरंच हुशार. केंद्र सरकारने २०१५ साली योजना काढली आहे : साडेसात लाखांपर्यंतचं शैक्षणिक कर्ज विनातारण आणि तिसऱ्या माणसाच्या हमीशिवाय द्यावं, थकलं तर त्यातल्या पंचाहत्तर टक्क्यांची हमी सरकारी निधीची. २०२४ च्या नोव्हेंबरात आणखी एक योजना मंजूर झाली, तिच्यात निवडक संस्थांना कसलाच जामीन नको. पण त्या यादीत हिचं कॉलेज नव्हतं. नसेना. साडेसात लाखांत आम्ही बसत होतो.

आम्ही बँकेत गेलो. साहेबांनी नियम शांतपणे ऐकला. "बरोबर आहे," ते म्हणाले, "पण जामीनदार असला की फाईल जरा बरी दिसते." पाहा, म्हणजे भारत सरकार या पोरीला पाऊण जामीन आहे, आणि साहेबांना ते पुरत नाही. त्यांना वर जिल्हा परिषद शाळेचा एक निवृत्त मास्तर पाहिजे! मास्तरकीच्या सगळ्या नोकरीत माझी इतकी पत कुणी वाढवली नव्हती.

मी खिशातून कोरा कागद आणि पेन काढून त्यांच्यापुढे ठेवलं. म्हटलं, "सात लाखांच्या कर्जाला जामीनदार सक्तीचा आहे, एवढं या कागदावर लिहून द्या. मी लगेच तुमच्या फॉर्मवर सही करतो."

"लेखी कशाला, मास्तर?" साहेब म्हणाले.

"काही जास्त नाही," मी म्हटलं. "खाली नुसती सही करायची."

साहेब भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहू लागले.