पहिल्या पावसांतील कुर्ल्या

मृग नक्षत्र लागतें, दोन-चार दिवस आभाळ नुसतेंच भरून येतें, आणि मग एके संध्याकाळीं नैर्ऋत्येकडून असा पाऊस कोसळतो कीं घटकाभरांत कुणगे भरतात आणि सुकलेले व्हाळ पुन्हां वाहूं लागतात. त्याच रात्रीं तळेरे व आसपासच्या गांवांतून शेताच्या मेरांवर उजेड हिंडूं लागतात. पूर्वीं लोक चुडी पेटवून जात, मग कंदील आले, आतां हातांत बॅटरी असते. एवढाच काय तो फरक. कोणाजवळ बादली, कोणाजवळ गोणपाट. कुर्ल्या बाहेर पडलेल्या असतात! दुसऱ्या दिवशीं घरोघरीं तिखट कालवणाचा वास सुटतो, आणि वर्गांत अर्धीं मुलें जागरणानें पेंगत असतात.

मुलांचा हा आनंद हिरावून घेण्यासाठीं हा लेख लिहिलेला नाहीं. कोंकणांतील मुलानें कुर्ली धरूंच नये असें म्हणणें म्हणजे त्यानें आंब्यावर दगड मारूं नये असें म्हणण्यासारखें आहे. तें ऐकणार कोण? परंतु त्या पहिल्या रात्रीं जी कुर्ली हातीं लागते ती कोण असते, हें आपल्यापैकीं फार थोड्यांनीं निरखून पाहिलें असेल. तें एकदां पाहिलें म्हणजे बादलींत काय टाकावें आणि काय टाकूं नये याविषयीं विद्यार्थ्यांचें व त्यांच्या पालकांचेंही मत बदलेल, अशी मला आशा वाटते.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं ही कुर्ली समुद्राची नव्हे. मालवण-देवगडच्या बाजारांत विकावयास येतात त्या खाडीच्या व समुद्राच्या कुर्ल्यांची जात निराळी. आपल्या व्हाळांतील तपकिरी कुर्ली जन्मापासून मरणापर्यंत गोड्या पाण्याच्या आश्रयानें राहते. उन्हाळ्यांत व्हाळ आटले म्हणजे ती कांठच्या मातींत बीळ करून ओलावा लागेपर्यंत खोल जाते, कित्येकदां बिळाचें तोंड चिखलानें बुजवून घेते, आणि तेथेंच पावसाची वाट पाहत पडून राहते. माशाप्रमाणें तिलाही कल्ले आहेत. ते ओले आहेत तोंवर ती हवेंत सुखानें श्वास घेऊं शकते. ते सुकले कीं ती गुदमरते. म्हणून तिच्या प्रवासाला पावसाळी रात्रीसारखी वेळ नाहीं. बिळांत पाणी शिरतें, हवा दमट होते, ऊन नसतें. आणि एकाच रात्रीं शेंकडों कुर्ल्या बाहेर येऊन कुणगे, पायवाटा व रस्ते ओलांडूं लागतात.

“गुरुजी, पण ह्यो कुर्ल्यो जातत तरी खंय?” असें एका विद्यार्थ्यानें मला विचारलें होतें. प्रश्न मोठा मार्मिक आहे. कोणी नवें बीळ शोधीत असते, कोणी अन्न, कोणी जोडीदार. आणि पुष्कळशा माद्या आपलीं पिलें सुखरूप सोडण्यासाठीं योग्य जागा शोधीत असतात. समुद्राकडे मात्र त्यांतील एकही जात नाहीं.

खेकडे समुद्राकडे जातात ती प्रसिद्ध यात्रा दुसरीकडची आहे. हिंदी महासागरांत जावा बेटाच्या दक्षिणेस ऑस्ट्रेलियाच्या ताब्यांतील ख्रिसमस नांवाचें बेट आहे. त्याचें क्षेत्रफळ अवघें १३५ चौरस किलोमीटर. कणकवली तालुक्याच्या एका कोपऱ्यांत मावेल एवढें. तेथील रानांत भडक तांबड्या रंगाचे कोट्यवधी खेकडे राहतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास तेथें पावसाळा सुरू झाला कीं ते सारे एकदम समुद्राकडे निघतात, आणि कृष्ण पक्षांतील अष्टमीच्या सुमारास, ओहोटी लागत असतां, पहांटेच्या अंधारांत माद्या पाण्यांत अंडीं सोडतात. एकेक मादी एक लाखापर्यंत अंडीं सोडते. त्या दिवसांत तेथील कित्येक रस्ते रहदारीस बंद ठेवतात. खेकड्यांसाठीं रस्त्याखालून बोगदे व एके ठिकाणीं रस्त्यावरून उंच पूलही बांधला आहे. आणि मोटार न्यावयाचीच झाली तर माणसें खालीं उतरून दांताळ्यानें खेकडे हळूच बाजूस सारतात. इतकें करूनही समुद्रांत गेलेल्या पिलांपैकीं बहुतेक वर्षीं फारच थोडीं परत येतात. एखादें वर्ष असें उजाडतें कीं सारा किनारा चिमुकल्या खेकड्यांनीं लाल होऊन जातो. लाखांनीं अंडीं टाकावयाचीं आणि पुढचें समुद्रावर सोंपवावयाचें, अशी त्यांची रीत आहे.

आपल्या कुर्लीची रीत याच्या अगदीं उलट आहे, आणि माझें सारें म्हणणें या एका गोष्टीवर उभें आहे. कुर्ली उलटी करून पाहिली तर तिच्या पोटाशीं एक दुमडलेली झडप दिसते. नराची झडप अरुंद व टोंकाकडे निमुळती असते. मादीची रुंद, गोलसर, जवळजवळ सारें पोट झांकणारी. त्या झडपेखालीं ती आपलीं अंडीं बाळगते. तीं लाखांनीं नसतात; जातीप्रमाणें कांहीं डझनांपासून कांहीं शेंपर्यंत असतात, आणि बाजरीच्या दाण्याएवढीं मोठीं असतात. त्यांतून पोहणारा किडा निघत नाहीं, तर आठ पाय व दोन नांग्या असलेली, आईची हुबेहूब प्रतिमा अशी सबंध कुर्लीच बाहेर पडते. हीं पिलेंही लगेच सुटीं होत नाहींत; कित्येक दिवस आईच्या झडपेखालीं एकमेकांस बिलगून राहतात, आणि पाणी व अन्न मुबलक झालें म्हणजे एकेक करून उतरून जातात. पावसाळ्याच्या आरंभीं रस्त्यावर हळूहळू चालणारी जड मादी म्हणजे पुष्कळदां अशी भरल्या घराची धनीण असते. तिला बादलींत टाकणें म्हणजे एक कुर्ली धरणें नव्हे, तर एका व्हाळाचें पुढच्या वर्षाचें सारें पीक उपटून आणणें होय.

आणि तें पीक दुसरीकडून भरून येत नाहीं. समुद्रांतल्या खेकड्यांचीं पिलें लाटांबरोबर दूर जातात. एका किनाऱ्यावरचे संपले तर दुसरीकडचे येऊं शकतात. आपल्या कुर्लीचीं पिलें आईनें सोडलें त्याच ओहोळांत वाढतात. एका खोऱ्यांतील कुर्ली सहजासहजीं डोंगर ओलांडून दुसऱ्या खोऱ्यांत जात नाहीं. म्हणूनच सह्याद्रींत गोड्या पाण्यांतील खेकड्यांच्या इतक्या निरनिराळ्या जाती झाल्या आहेत, आणि त्यांतील कित्येक एखाद्या घाटापुरत्या किंवा पठारापुरत्याच आहेत. २०१६ सालीं पश्चिम घाटांतून एकदम पांच नव्या जातींची नोंद शास्त्रज्ञांनीं केली. आपल्या पायाखालचा प्राणी अद्याप शास्त्राला पुरता ठाऊक झालेला नाहीं, आणि आपण तो गोणींनीं उचलीत आहों!

खेकड्याला आपल्या समाजांत चांगलें नांव मात्र कधींच मिळालें नाहीं. एक खेकडा वर चढूं लागला कीं दुसरा त्याचा पाय ओढतो, म्हणून पाटीला झांकण लागत नाहीं, हा दृष्टांत आपण मराठी माणसाच्या संदर्भांत इतक्या वेळां ऐकला आहे कीं तो सांगणाऱ्यानें कधीं पाटींत डोकावून पाहिलें होतें कीं नाहीं याची शंका यावी. याहून मोठा आळ २०१९ सालीं आला. त्या वर्षी २ जुलैच्या रात्रीं चिपळूण तालुक्यांतील तिवरे येथील धरण फुटलें आणि सुमारें वीस माणसें प्राणांस मुकलीं. धरणाच्या गळतीविषयीं ग्रामस्थांच्या तक्रारी आधींपासून होत्या. तरी खेकड्यांनीं धरण पोखरलें असें विधान तेव्हांच्या जलसंधारणमंत्र्यांनीं केलें. त्यावर कांहीं लोकांनीं निषेध म्हणून खेकडेच पकडून पोलिस ठाण्यांत हजर केले. प्रसंग अत्यंत दुःखाचा नसता तर यावर हंसूं आलें असतें.

शेतकऱ्याची तक्रार मात्र हंसण्यावारी नेतां येणार नाहीं. कुर्ली मेर पोखरते, त्यामुळें कुणग्यांतील पाणी रात्रींतून निघून जातें. कोंवळा तरवाही ती कुरतडते. ज्याचें पोट त्या कुणग्यावर आहे त्याला खेकड्याचें कौतुक सांगणें सोपें नाहीं. पण तीच कुर्ली व्हाळांतला कुजका पाला व मेलेले जीव खाऊन पाणी निर्मळ राखण्यास हातभार लावते. खंड्या, बगळे, मुंगूस व पाणमांजर यांचें ती अन्न आहे. मेरेंतली कुर्ली शेतकऱ्यानें काढावी. त्याला कोणी दोष देणार नाहीं. व्हाळांतली व रस्त्यावरची पिलांची आई मात्र कोणाचीही मेर फोडीत नसते.

आतां पूर्वींपासून चालत आलेली गोष्ट आजच एवढी वाईट कां झाली, असा प्रश्न पालक विचारतील. पूर्वीं एका घरच्या कालवणापुरत्या कुर्ल्या धरल्या जात. आतां त्या गोणी भरून विकावयास जातात. जून-जुलै महिन्यांत यांत्रिक नौकांना समुद्रावर मासेमारीची बंदी असते. माशांच्या विणीचा काळ आणि खवळलेला समुद्र हीं तिचीं कारणें आहेत. बंदी योग्यच आहे. पण समुद्राचें दार लागतें त्याच दिवसांत गिऱ्हाइकाची नजर व्हाळाकडे वळते, आणि व्हाळांतल्या जिवांचाही विणीचा काळ नेमका तोच असतो, हें कोणाच्या मनांत येत नाहीं. चढणीच्या माशांचीही हीच कथा आहे: अंडीं घालण्यासाठीं प्रवाहाच्या उलट चढत कुणग्यांत येणारे मासे वाटेंतच सापळ्यांत पडतात. जें व्रत आपण समुद्राच्या बाबतींत पाळतों तें दारच्या ओहोळाच्या बाबतींत पाळत नाहीं.

याहून निंद्य प्रकार म्हणजे व्हाळांत ब्लीचिंग पावडर ओतणें, सुरुंग लावणें किंवा विजेच्या तारा सोडणें. यांत लहान-मोठें, नर-मादी, खाण्याजोगें व न खाण्याजोगें, सारेंच मरतें; आणि तेंच पाणी खालच्या वाडींत गुरें पितात. मासे मारण्यासाठीं पाण्यांत विष घालणें किंवा सुरुंग उडविणें हा १८९७ सालच्या मत्स्य कायद्यानुसारही गुन्हा आहे. सव्वाशें वर्षांपूर्वींचा हा कायदा ज्यांना ठाऊक नाहीं त्यांना तो मुलांनीं घरीं सांगावा.

तिसरें संकट रस्त्याचें. तळेरे हें चवाठ्याचें गांव. मुंबई-गोवा महामार्ग येथून जातो, आणि विजयदुर्गाकडून गगनबावड्यावरून कोल्हापुरास जाणारा रस्ता त्याला येथेंच मिळतो. महामार्ग चौपदरी झाला, त्याची सोय आपण सारेच घेतों. पण पूर्वींचा अरुंद रस्ता कुर्ली कशीबशी ओलांडीत असे. आतां तिला दुप्पट-तिप्पट रुंदी चालून जावी लागते, आणि मध्यें सिमेंटची भिंत आडवी आली तर ती तिच्या कडेकडेनें फिरत राहते. पहिल्या पावसाच्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं शाळेस येतांना मुलांनीं रस्त्यावर पाहावें म्हणजे मला अधिक सांगावें लागणार नाहीं. रस्त्याखालच्या मोऱ्या पावसाआधीं गाळ काढून मोकळ्या ठेवल्या तर पुष्कळ जीव खालून जातील; हें काम ग्रामपंचायतीच्या आवांक्याबाहेरचें नाहीं, आणि त्यांत पाण्याचा निचराही होतो.

हें सारें कोण ऐकणार, असें म्हणून मान हलविणाऱ्यांनीं रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळास गांव आठवावें. मंडणगड तालुक्यांतील या किनाऱ्यावर कांसवांचीं अंडीं लोक काढून नेत. २००२ सालीं सह्याद्रि निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेनें तेथें संरक्षणाचें काम आरंभिलें, आणि आज तेच ग्रामस्थ अंडीं राखतात व पिलें समुद्रांत सोडतात. तें पाहण्यास दूरदूरचे लोक येतात. आपल्या जिल्ह्यांत आंबोलीस हिरण्यकेशीच्या कुंडांत २०२० सालीं एक चिमुकला नवा मासा शास्त्रज्ञांस सांपडला. पुढच्याच वर्षीं राज्य सरकारनें त्या जागेस जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित केलें. बोटाएवढ्या माशासाठीं जें झालें तें कुर्लीसाठीं सरकारनें करावें असें मी म्हणत नाहीं. तिच्यासाठीं सरकारची गरजच नाहीं. एक बॅटरी आणि थोडा धीर पुरेसा आहे.

तेव्हां येत्या मृगांत माझ्या विद्यार्थ्यांनीं एवढें करावें. कुर्ली धरली कीं बादलींत टाकण्यापूर्वीं उलटी करून पाहावी. झडप निमुळती असेल तर ती तुमची. झडप रुंद असेल आणि खालीं अंडीं किंवा पिलें दिसलीं तर तिला खालीं ठेवावी. झडप ओढून उघडूं नये, पिलें गळून पडतात. लहान कुर्ल्याही सोडाव्या. घरच्या कालवणापुरत्या मिळाल्या कीं परतावें. ज्या पालकांस मोटार किंवा मोटारसायकल चालवावी लागते त्यांनीं त्या पहिल्या दोन-चार ओल्या रात्रीं, विशेषतः व्हाळाजवळच्या उतारांवर, वेग कमी करावा. मुलांनीं मात्र हमरस्त्यावर खेकडे वांचविण्यासाठीं उतरूं नये. रात्रींच्या पावसांत मोटारवाल्यास मूलही दिसत नाहीं. गांवच्या लहान रस्त्यावर, मोठें माणूस बरोबर असतांना, कुर्ली उचलावयाची झाल्यास मागच्या बाजूनें, पाठीच्या कवचास दोन्हीकडून धरून उचलावी, म्हणजे नांगी लागत नाहीं. आणि ती ज्या बाजूस चालली होती त्याच बाजूस नेऊन ठेवावी. आली होती तिकडे परत ठेवली तर तुमची पाठ वळतांच ती पुन्हां रस्त्यावर येईल.