चित्र जपायचे तर ते चिकटवू नका

आपल्या घरात भिंतीवरची पहिली जागा तथागतांची आणि बाबासाहेबांची. त्यांच्या शेजारी पुष्कळ घरांत आणखी एक चित्र असते. अजिंठ्याच्या सहलीहून, दीक्षाभूमीवरून किंवा सहा डिसेंबरला शिवाजी पार्कच्या स्टॉलवरून कुणीतरी सुरळी करून आणलेले. बहुतेक वेळा तो पद्मपाणी असतो. हाती निळे कमळ, मस्तकी मुकुट, नजर खाली झुकलेली. आईवडिलांनी पोटाला चिमटा काढून घेतलेला हा कागद आता मुलांच्या हाती येत आहे. चाळी पाडून टॉवर उभे राहत आहेत, बिऱ्हाडे हलत आहेत. अशा वेळी जुने चित्र एक तर रद्दीत जाते, नाही तर "कायमचे टिकेल" म्हणून प्लायवूडवर चिकटवले जाते किंवा लॅमिनेट केले जाते. हा दुसरा उपाय पहिल्याइतकाच घातक आहे, असे आम्हांला वाटते.

याचा धडा अजिंठ्यातच आहे. पद्मपाणीचे मूळ चित्र पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात, गाभाऱ्याकडे तोंड केले की डाव्या हाताला आहे. ते पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातले. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन तज्ज्ञांना बोलावून या चित्रांचे काम करून घेतले. सुटलेला गिलावा त्यांनी पक्का केला, हे त्यांचे उपकारच. पण रंग राखण्यासाठी वरून जो लाखेचा थर दिला तो पुढे पिवळा पडला आणि त्याखाली मूळ रंग झाकोळले. तो थर काढण्यासाठी पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना पुढे वर्षानुवर्षे खपावे लागले. हेतू चांगला, पण केलेले परत काढता येईना. आपल्या घरच्या कागदालाही हाच नियम लावावा. चित्रावर असे काही करू नये, जे उद्या काढता येणार नाही.

आता प्रत्यक्ष कामाचे बोलू. सुरळीतला कागद उलट बाजूने गुंडाळून सरळ करू नका, शाई तडकते. स्वच्छ पांढऱ्या कागदांमध्ये ठेवून वर सपाट पाट आणि पुस्तके ठेवा. चारपाच दिवसांत तो आपोआप सरळ होतो. फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नका. काही वर्षांत तो तपकिरी डाग सोडतो आणि तो डाग जात नाही.

फ्रेमवाल्याला तीन गोष्टी आधीच सांगा. पहिली, तयार फ्रेममध्ये बसवण्यासाठी चित्राच्या पांढऱ्या कडा कापायच्या नाहीत. छापखान्याचे नाव आणि साल बहुधा तिथेच असते. दुसरी, काच चित्राला टेकता कामा नये. पावसाळ्यात काचेच्या आत दमटपणा धरतो, शाई काचेला चिकटते आणि काच काढताना चेहराच निघून येतो. यासाठी चारही बाजूंनी जाड पुठ्ठ्याचा माउंट घालून घ्या. तिसरी, मागे हार्डबोर्ड असला तरी तो चित्राला थेट लागू देऊ नका. हलक्या लाकडी लगद्यातले आम्ल कागद पिवळा आणि ठिसूळ करते. मध्ये आम्लविरहित पुठ्ठा घाला. तो चित्रकलेच्या सामानाच्या मोठ्या दुकानात मिळतो.

मग चित्र बसवायचे कसे? फक्त वरच्या दोन कोपऱ्यांजवळ, मागच्या बाजूने, पातळ कागदाच्या दोन छोट्या पट्ट्यांनी टांगायचे. त्याला फेव्हिकॉल नको, खळ हवी. ज्या भगिनी कुरडया करतात त्यांच्या घरात उत्तम खळ तयारच आहे! गव्हाचा चीक पाण्यात शिजवून थंड केला की झाले. त्यात मीठ मात्र घालू नये. संग्रहालयांतही जुन्या कागदांसाठी गव्हाच्या सत्त्वाचीच खळ वापरतात, कारण ती पाण्याने पुन्हा सोडवता येते. खळ अगदी थोडी लावा आणि पूर्ण सुकू द्या, म्हणजे कसर लागण्याची भीती कमी होते. फ्रेमच्या मागच्या फटी कागदी पट्टीने बंद करा.

जागा निवडताना घाई नको. जिथे ऊन थेट येते ती भिंत टाळा. उन्हाने छापील चित्रातला लाल आणि पिवळा रंग आधी उडतो, निळा मागे राहतो. जुन्या दुकानांतली निळीशार पडलेली चित्रे आपण पाहतोच. पावसाचा मारा घेणारी बाहेरची भिंत, मोरीची भिंत आणि चुलीजवळची जागाही नको. दोन खोल्यांमधली आतली भिंत सर्वांत बरी. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लावा, म्हणजे भिंत आणि चित्र यांत हवा खेळते. चित्र पंख्याजवळ उंच टांगू नये. घरातली माणसे बसून पाहतात, तेव्हा बसलेल्या माणसाला मान न दुखवता दिसेल इतक्या उंचीवर असावे.

मेणबत्ती आणि अगरबत्ती लावायचीच असेल तर ती चित्राच्या बरोबर खाली नको, हातभर पुढे असावी. अजिंठ्याच्या चित्रांनीही धुराची काजळी पुष्कळ सोसली आहे. ओल्या फुलांचा हार फ्रेमवर घातला तर पाणी कोपऱ्यातून आत झिरपते. हारासाठी वेगळा खिळा मारा आणि संध्याकाळी हार उतरवा. काच पुसताना पाणी काचेवर नव्हे, फडक्यावर घ्या.

एक काम फ्रेम करण्याआधीच उरका. चित्राच्या मागे, कडेला, मऊ पेन्सिलने हलक्या हाताने लिहा : कुणी आणले, कुठून आणले, कोणत्या साली. पेनने नको, शाई पुढच्या बाजूला उमटते. घरात वडीलधारी माणसे आहेत तोवर त्यांना विचारून हे लिहून ठेवा. चित्राची दुसरी प्रत कदाचित बाजारात मिळेल, पण ते आपल्या घरी कसे आले ही हकिकत कुठल्याही दुकानात मिळणार नाही.

जय भीम.